परतीचं गिऱ्हाईक

पश्चिमेकडे तोंड असलेली जागा सकाळी दाखवावी. हमरस्त्यावरची जागा रविवारी दुपारी दाखवावी. शेजारी कुत्रं असेल तर त्याला फिरायला कधी नेतात ते आधी विचारून ठेवावं. यात खोटं काही नाही, पण पुरतं खरंही नाही. अठ्ठावीस वर्षं मी पुण्यात बिबवेवाडीला जागांची एजंट होते आणि असं अर्धंमुर्धं खरं बोलण्यात माझा हात कुणी धरला नसता. धडधडीत खोटं मात्र मी एकदाच बोलले. त्याविषयीच लिहायचं आहे, पण आधी धंदा काय असतो ते सांगते.

माझं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीला लागून असलेला एक गाळा. गिरणी सुरू झाली की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नसे. टेबलावर, फायलींवर, फोनवर सतत पिठाचा पातळ थर. नवीन माणूस दारातूनच विचारायचा, "साहेब कधी येतील?" मी म्हणायची, "साहेब पोस्टात आहेत, ते तिकिटं विकतात. जागा मी दाखवते." मग तो ओशाळून आत यायचा आणि पीठ न झटकता खुर्चीवर बसायचा. मी सांगायची नाही.

लोकांना वाटतं, एजंट म्हणजे कुलूप उघडणारा माणूस. कुलूप उघडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. माणूस तोंडाने मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं, ते ओळखायचं हे खरं काम. "हवेशीर पाहिजे" म्हणाले की समजायचं, आधीच्या घरात माणसं जास्त झाली होती. "किचन मोठं पाहिजे" म्हणाले की समजायचं, एका ओट्यापाशी दोन बायका उभ्या आहेत. मी नेहमी तीन जागा दाखवायची. पहिली वाईट, दुसरी बरी, आणि तिसरी जी द्यायची ती. तिसऱ्या जागेत घरातली बाई ओट्याखालचं रिकामं कपाट उघडून आत डोकावायला लागली की मी गुपचूप गॅलरीत जाऊन उभी राहायची. अशा वेळी एक अक्षर बोलायचं नसतं.

एका प्रकारच्या गिऱ्हाइकापुढे मात्र ही सगळी विद्या फुकट जायची. वर्षानुवर्षं परदेशात राहून आता कायमचे इकडे यायचं ठरवलेले लोक. आम्ही एजंट त्यांना आपापसात 'परतीचे' म्हणायचो. ते एप्रिल-मे महिन्यांत यायचे, कारण जूनला शाळा. "आज कोण आहे?" "परतीचे आहेत." एवढं ऐकलं की दुसरा एजंट न विचारता चहा सांगायचा.

परतीचं गिऱ्हाईक बसत नाही. तुम्ही खुर्ची द्या, ते उभंच राहतं. सोमवारी त्याला कोथरूडशिवाय काही नको असतं, गुरुवारी ते कात्रजच्या पुढे डोंगर शोधायला लागतं. अमेरिकेहून आलेले एक गृहस्थ प्रत्येक हॉलमध्ये डोळे मिटून दहा मिनिटं उभे राहायचे आणि आवाज मोजायचे. चौथ्या बिल्डिंगमध्ये डोळे उघडून मला म्हणाले, "इथं सगळे एकाच वेळी कुकर का लावतात?" दुसरे एक दुबईहून आले होते. त्यांना जागा हवी होती ती शाळेतल्या मित्राच्या गल्लीतच. दीड महिना खपून मी ती मिळवून दिली. राहायला आले तेव्हा कळलं, मित्र वाकडला राहायला गेलाय.

मला या लोकांचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटायचा. माझं माहेर भवानी पेठेत, सासर बिबवेवाडीत. यापलीकडे माझी मजल नाही. पण दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांतून इतकी वर्षं फिरल्यामुळे आता मला माझ्या घरात स्वस्थ बसवत नाही. भाजी निवडता निवडता उठते आणि भिंत न्याहाळते, ही पाडली तर हॉल केवढा होईल. आमचे हे म्हणतात, "अगं, ही जागा आपण घेतलेली आहे. विकू नकोस."

संतोष आला तो असाच एका मे महिन्यात. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत, बोलताना सारखं मनगटावरचं घड्याळ फिरवायची सवय. बारा वर्षं जर्मनीत होता. आता कंपनीनं खराडीत काम दिलं होतं आणि महिनाभर राहायची सोयही तिकडेच केली होती. बरोबर बायको रश्मी आणि नऊ वर्षांची मुलगी इरा. त्याची आई माझ्या ऑफिसपासून चार गल्ल्या सोडून एकटी राहायची. सगळी बिबवेवाडी तिला आक्का म्हणते. तिला मी आधीपासून ओळखत होते, कारण गिरणीत दळण टाकायला ती स्वतः यायची. ती राहते ती बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. जिथे मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते तिथे आता पार्किंग आहे. जमिनीच्या बदल्यात बिल्डरकडून जे मिळालं त्यातला पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट तिनं स्वतःसाठी ठेवला होता.

संतोषला आईजवळ राहायचं होतं. निदान तो तसं म्हणायचा. रश्मीचं गणित वेगळं होतं. "ताई, रोज बिबवेवाडी ते खराडी, जाऊन येऊन दोन-अडीच तास. एवढं सगळं ट्रॅफिकमध्ये बसायला आलोय का आपण? मग तिकडे काय वाईट होतं?" तिचंही चुकत नव्हतं. आणि इरा प्रत्येक जागा बघून झाली की जिना उतरताना विचारायची, "आता घरी जायचं ना?" कुठलं घर, हे तिला कुणी विचारलं नाही. नवराबायको दोघंही अशा वेळी मोबाइलमध्ये बघायचे.

तीन आठवडे मी त्यांना घेऊन फिरले. सहकारनगर, कात्रज, वानवडी. नापसंतीची कारणं रोज नवी. एकदा संतोष पसंत करायचा आणि संध्याकाळी फोनवर नको म्हणायचा, एकदा रश्मी. शेवटी मला हवी तशी जागा मिळाली. आक्काच्या मागच्या गल्लीतली बिल्डिंग, पहिलाच मजला, आणि गॅलरी बरोबर आक्काच्या गॅलरीसमोर. मधे फक्त एक आंब्याचं झाड. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. मालकांना भाड्यानं दिली तरी चालणार होती, विकली तरी. मी इतकी खूश झाले की तीन जागांचा माझा शिरस्ता मोडून थेट तीच दाखवली.

इरा गॅलरीत धावली आणि ओरडली, "आजीची साडी!" समोर दोरीवर आक्काचं हिरवं लुगडं वाळत होतं. रश्मीनं ओट्याखालचं कपाट उघडलं. मी गॅलरीत गेले. संतोष माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, बराच वेळ समोर बघत. मग वर बघून म्हणाला, "ताई, माळ्यावर मोठ्या बॅगा किती मावतील?"

आता हे मला कळायला हवं होतं. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा की, ज्याला राहायचं असतं तो आल्यावर त्या अवाढव्य बॅगा कामवाल्या बाईला देऊन टाकतो. माळ्यावर नीट जपून ठेवणाऱ्याचं काही खरं नसतं. पण जागा पसंत पडल्याच्या आनंदात मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "रविवारी आईला घेऊन येतो, मग फायनल करू," असं म्हणून ते गेले.

शनिवारी दुपारी आक्का ऑफिसात आली. हातात दळणाचा डबा नव्हता. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. मी उठून खुर्ची झटकली.

"मंगल, त्या मागल्या गल्लीतली जागा तू संतोषला दावलीस?"

"हो आक्का. आता गॅलरीतून नातीला हाक मारायची, ती लगेच ओ देईल."

"ती त्यास्नी देऊ नगं."

गिरणी चालू होती. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी गिरणीवाल्याला पाच मिनिटं बंद ठेवायला सांगितलं. मग आक्कानं जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. हे लोक याआधीही एकदा कायमचे म्हणून आले होते. चार वर्षांपूर्वी. आक्काच्या समोरचाच, त्याच मजल्यावरचा फ्लॅट त्यांनी घेतला होता. वर्ष पुरं व्हायच्या आत जर्मनीतून बोलावणं आलं आणि ते परत गेले.

"किल्ली माझ्याकडं ठिवली. मी रोज जायची. खिडक्या उघडायची, झाडून काढायची. कोन ऱ्हात न्हाई तरी धूळ बसतीच की गं. एक दिस झाडताना कपाटाखाली पोरीची चप्पल घावली. येवढीशी. तिथंच बसले मी. पुन्ना त्या घरात ग्येले न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मंग संतोषनं ती जागा इकायला लावली. आता दुसरी मान्सं ऱ्हात्यात. पर अजून त्यांचं दार वाजलं की मी उठून बसती."

"आक्का, या वेळी राहतील ते. नोकरी इकडे आहे, मुलगी मोठी झाली."

एवढ्यात फोन वाजला. वानवडीचा एजंट होता, त्याच्याकडची एक जागा अजून हवी आहे का विचारत होता. मी म्हणाले, "नको हो, ते परतीचे होते ना, त्यांचं झालं फायनल."

फोन ठेवला तर आक्का माझ्याकडे बघत होती. "परतीचे म्हंजे?"

"काही नाही, आमचा शब्द आहे. परदेशातून परत आलेले."

"आसं व्हय. मला वाटलं, परत जानारे."

इतकी वर्षं मी तो शब्द वापरत होते आणि तो दोन्हीकडे चालतो हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आक्कानं माझा हात धरला. तिचा हात खरखरीत होता. "लांब दाव त्यास्नी. खराडीला दाव. लांब असले आन् ग्येले, तर ग्येले म्हनीन. डोळ्याम्होरं असून ग्येले तर मी पुन्ना उभी न्हाई ऱ्हायची. आन् त्याला सांगू नगं. आईच नगं म्हनली, आसं त्याला कळता कामा न्हाई." तिनं माझ्याकडून वचन घेतलं, तेव्हाच उठली.

ती गेल्यावर मी गिरणी पुन्हा सुरू करायला सांगितलं, म्हणजे मला विचार करता येणार नाही. खरं तर मी काय करायला हवं होतं? मुलाला सांगायचं की आईला भीती वाटते? आईला सांगायचं की मुलाशी बोला? मी एजंट होते, घरातलं माणूस नव्हते, अशी मी माझी समजूत काढली. पण ती एवढीशी चप्पल डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी संतोषला फोन लावला आणि म्हणाले, "जागा गेली."

आमच्या धंद्यात हे दोन शब्द कुणी तपासून बघत नाही. जागा जातात. मला वाटलं होतं, तो चिडेल, मालकांचा नंबर मागेल, निदान कुणाला गेली ते विचारेल. मागे रश्मी "व्हॉट? कशी गेली?" म्हणत असलेली ऐकू आली.  संतोष म्हणाला, "बरं." मला वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. खराडीत अकराव्या मजल्यावर, सगळीकडे काचा असलेली जागा त्यांना पसंत पडली. जूनच्या आधी ते राहायला गेले. वास्तूला मला बोलावणं होतं. आक्का नवं लुगडं नेसून आली होती. तिनं कात्रजहून येणाऱ्या गाडीचं दूध मुद्दाम कॅनमधून आणलं होतं, पिशवीतलं नको म्हणून.

नव्या घरात दूध उतू घालायचं असतं. रश्मीनं जर्मनीहून आणलेली विजेची शेगडी ओट्यावर होती, आरशासारखी चकचकीत. दूध ठेवलं. ते वर यायला लागलं, सगळ्यांनी हात जोडले, आणि शेगडी टुंग करून आपोआप बंद पडली. दूध खाली बसलं. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रश्मी माहितीचं पुस्तक घेऊन आली. संतोष म्हणाला, "आई, सेफ्टी असते त्याला. उतू जायला लागलं की सेन्सरला कळतं."

"आपल्याला उतूच घालायचंय की रं!" आक्का म्हणाली.

गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी आक्कानं पदरानं पातेलं धरलं आणि सरळ लिफ्टमध्ये शिरली. मी मागोमाग. खाली वॉचमनच्या खोलीत चहासाठी एक छोटा गॅस होता. वॉचमन बिहारचा, त्याला काही कळेना, पण त्यानं लगेच बाजूला होऊन जागा दिली. त्या गॅसवर दूध भसकन उतू गेलं. आक्कानं हात जोडले. वॉचमननंही जोडले. वर आल्यावर सगळे पोट धरून हसले आणि जेवताना तोच विषय झाला. पण लिफ्टमध्ये आक्का मला हळूच म्हणाली होती, "दूध उतू गेलं वॉचमनच्या खोलीत. म्हंजे वॉचमन ऱ्हानार बघ हितं." ती हसत नव्हती.

पुढचं वर्ष मला फार जड गेलं. आक्काच्या गॅलरीसमोरची ती जागा काही केल्या लवकर लागेना. मालक माझ्यावर वैतागले होते. मी त्या गल्लीतून जाताना वर बघायची नाही. आक्का दर गुरुवारी मेथीच्या जुड्या घेऊन दोन बस बदलून खराडीला जायची आणि शुक्रवारी दळण टाकताना मला सगळं सांगायची. इरा कशी मोठी झाली, रश्मीनं कसं पिठलं केलं, संतोषला कसा वेळ नसतो. ते लोक सुरुवातीला दर रविवारी यायचे, मग एक रविवार सोडून, मग इराचे क्लास सुरू झाले. एकदा हडपसरला गाडी बदलताना आक्काचा पाय मुरगळला आणि तीन आठवडे ती घरात बसून होती. मी तिला बघायला गेले. ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती आणि समोर त्या जागेच्या बंद खिडक्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली. ती भीतीपोटी बोलली होती आणि मी शहाणपणा न करता तिचं ऐकलं होतं. जे घर मी स्वतः शोधलं ते मीच या माणसांच्या हातून काढून घेतलं, आणि वर चहा पीत तिच्याशी पायाच्या लेपाविषयी बोलत बसले होते.

पाय बरा झाल्यावर आक्का पुन्हा ऑफिसात आली. या वेळीही डबा नव्हता. उभ्याउभ्याच म्हणाली, "मंगल, मला जागा दाव."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. खराडीला. त्यांच्या बिल्डिंगीत नगं. जवळपास."

 मी न राहवून विचारलं, "आक्का, आणि ते परत गेले तर?"

"तर ग्येले. हितं बसून बी तेच भ्या वाटतंय, बसमदी बी तेच वाटतंय. मंग तितंच जाऊन भ्येती की."

आक्काइतकं कठीण गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात मिळालं नाही. संतोषनं शनिवारची सुट्टी काढली आणि आम्हा दोघींना गाडीतून फिरवलं. एका ठिकाणी सैपाकघराला दारच नव्हतं, ते आक्काला उघड्यावर रांधल्यासारखं वाटलं. एका ठिकाणी जिन्यात भेटलेल्या चार माणसांपैकी एकही मराठी बोललं नाही. एका ठिकाणी गॅलरीला जाळी होती, "हे काय कोंबड्यांचं खुराडं?" प्रत्येक घरात तिचं पालुपद एकच, "आमच्या बिबवेवाडीत आसं न्हाई." मी हसू दाबत होते. संतोष मात्र हसत नव्हता. सारखं घड्याळ फिरवत होता.

पाचव्या जागेत आक्का आत नळ सोडून पाण्याचा जोर बघत होती. आम्ही दोघं बाहेर जिन्यापाशी उभे होतो. तो एकदम म्हणाला, "ताई, ती बिबवेवाडीची जागा गेली नव्हती ना?"

तो शांतपणे म्हणाला, "वास्तूच्या दुसऱ्या रविवारी मी आईच्या गॅलरीत उभा होतो. समोर बोर्ड लटकत होता, 'जागा देणे आहे'. खाली तुमचाच नंबर होता."

अठ्ठावीस वर्षांच्या धंद्यात केलेलं एकमेव धडधडीत खोटं, आणि त्याच्यासमोर मीच माझा फोन नंबर टांगून ठेवला होता. बोर्ड काढायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही विचारलंत?"

"कारण मी सुटलो होतो, ताई." तो खाली बघत बोलत होता. "आईच्या समोर घर घ्यायचं, आणि उद्या पुन्हा जावं लागलं तर? मागच्या वेळी टॅक्सीत बसताना मी वर बघितलं नव्हतं. ती गॅलरीत उभी होती, एवढं माहीत होतं. तुम्ही जागा गेली म्हणालात तेव्हा आय वॉज रिलीव्ह्ड. रश्मी भांडत होती आणि मला आतून बरं वाटत होतं. नंतर लाज वाटली. पण सांगणार कुणाला?" मग त्यानं विचारलं, "तुम्हाला तसं सांगायला आईनं सांगितलं होतं का?"

मी वचन दिलं होतं. मी जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिले. तो एवढंच म्हणाला, "हं." आत नळाचं पाणी बंद झालं.

सातवी जागा खराडीच्या जुन्या गावठाणात होती. टॉवरच्या मागे दोन अरुंद गल्ल्या, त्यात शेतकऱ्यांची जुनी घरं उरलेली. त्यातल्याच एका घराच्या मागच्या बाजूच्या तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे हातभर अंगण. घरमालकीण आक्काच्याच वयाची. "या की आत, उभ्या का?" म्हणाली. आक्का आत गेलीच नाही. अंगणात वाकून तिनं माती मुठीत घेतली, चुरगळून पाहिली, आणि पायरीवर बसली. मग दोघी कुठल्या विहिरीला किती पाणी होतं यावर बोलत राहिल्या. मी संतोषला खुणेनं सांगितलं, झालं काम.

करार लिहायची वेळ आली. आमच्याकडे भाड्याचा करार साधारण अकरा महिन्यांचा करतात, पण घरमालकीण जास्त मुदतीलाही तयार होती. संतोष घाईघाईनं म्हणाला, "ताई, तीन वर्षांचा करा. पाचचा करता येत असेल तर पाचचा करा."

"अकराच म्हैने," आक्का म्हणाली.

"अकराच का, आई?"

"जमलं तर ऱ्हाईन. न्हाई जमलं तर जाईन माझ्या घरी."

"आणि गेलीस तर इराला काय सांगू मी?"

"सांग, आजी तिच्या गावाला ग्येली."

संतोषचा चेहरा उतरला. आक्का ते टोमण्यानं म्हणाली असं मला वाटत नाही. तिला खरंच माहीत नव्हतं, जमेल की नाही. मी कागदावर अकरा महिने लिहिले.

तो माझा शेवटचा करार. त्या पावसाळ्यानंतर मी गाळा सोडला. आक्का खराडीत राहायला गेली, अंगणात मेथी लावली, वॉचमनशी तिची गट्टी जमली, इरा शाळेतून परस्पर तिच्याकडे जायला लागली, हे मला फोनवर कळत होतं. संतोष-रश्मीही कुठे गेले नाहीत. जर्मनीहून पुन्हा एकदा विचारणा आली होती, ती त्यानं आक्काला न सांगता नाकारली, असं रश्मीनं मला सांगितलं.

दहावा महिना लागला तसा संतोषचा फोन यायला लागला. "ताई, आईनं तुम्हाला करार वाढवायचं काही सांगितलं का?" मी नाही म्हणाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. "काल ती पत्र्याची ट्रंक बाहेर काढून पुसत होती." त्यानंतर चार दिवसांनी, "ताई, या वेळी तिनं मेथी पेरली नाही. वाफा रिकामाच ठेवलाय."

मी म्हणाले, "अहो, तुमची आई तुमच्यापासून दहा मिनिटांवर राहते. मला काय विचारताय? तिलाच विचारा ना सरळ."

 

"विचारलं, ताई," तो म्हणाला.

"मग?"

"'बघू' म्हणाली."